१०८९ सीसीची पद्मिनी: पावसाळा ते उन्हाळा चालवल्यानंतर

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल, खासगी पासिंग, स्टिअरिंगला गिअर. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, आता उन्हाळा सरत आलाय. कव्हर घालून बिल्डिंगखाली ठेवायला घेतलेली नाही. ठाण्याहून दादरला कामाला जाते, अधूनमधून लोणावळा होतो, दिवाळीत कोल्हापूरही झालं. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून म्हणतोच, “आमच्याकडे पण होती हो!” ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून गेली, तेव्हापासून ही हळहळ जरा जास्तच झालीय. मला या हळहळीचा कंटाळा आलाय. गाडीत कोणाला आजोबा दिसतात, कोणाला काळीपिवळी. गाडी कोणालाच दिसत नाही. ती मुळात एका पट्टीच्या इंजिनियरच्या हाताखालून गेलेली गाडी आहे आणि तिचं माप त्याच हिशोबाने काढायला हवं.

इंजिनापासून सुरुवात करतो, कारण सगळी मजा तिथे आहे. चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा फेरा), १०८९ सीसी. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००, आणि हीच मापं १९३७च्या फियाट ५०८ सी मध्ये होती. युद्ध संपल्यावर तुरिनमध्ये पिएरो दुसियोने सिसितालिया ही रेसिंग गाड्यांची कंपनी काढली, तेव्हा पैसे कमी आणि सामान तर अजून कमी. म्हणून फियाट ११००चे सुटे भाग घेऊन फियाटच्याच दान्ते जिआकोसा या इंजिनियरने १९४६मध्ये डी ४६ ही एका माणसाची रेसकार आखली. पुढे आपल्या पद्मिनीची मूळ आई, म्हणजे १९५३ची फियाट ११००-१०३, तीही याच जिआकोसाची. सिसितालियाची पुढची गाडी २०२. इंजिन तेच १०८९ सीसी, बॉडी पिनिनफरीना या डिझाइन कंपनीची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१मध्ये ती प्रदर्शनात मांडली. दादर टी.टी.च्या स्टँडवर घरघरणाऱ्या टॅक्सीचं रक्ताचं नातं कुठे जातं बघा!

१९४७च्या मिले मिल्या या इटलीतल्या हजार मैलांच्या शर्यतीत नावाजलेला रेसर तात्सिओ नुव्होलारी अशीच एक उघडी २०२ घेऊन उतरला. वय चोपन्न, तब्येत खालावलेली, आणि समोर बियोन्देत्तीची २.९ लिटरची अल्फा रोमिओ. नुव्होलारी पुढे होता. मग धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी गेलं, गाडी थांबली, आणि तो दुसरा आला. जुलैत किंग्ज सर्कलच्या पाण्यातून माझी गाडी भकभक करत तीन सिलिंडरवर बाहेर आली तेव्हा मला हाच किस्सा आठवला. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याची) कॅप काढून कोरड्या फडक्याने आतून पुसली, पॉइंटवर फुंकर मारली, पुन्हा बसवली. दुसऱ्या सेल्फला सुरू. मागे हॅझर्ड लावून उभी असलेली नवीकोरी एसयूव्ही टोइंगची वाट बघत होती. (थोडं बरं वाटलं, नाही कशाला म्हणू.)

या इंजिनाची मर्यादाही रेसिंगमध्येच उघडी पडली. १९५८मध्ये काउंट जिओव्हानी लुरानीच्या पुढाकाराने फॉर्म्युला ज्युनिअर हा शर्यतींचा वर्ग सुरू झाला. कमाल ११०० सीसी, इंजिन साध्या उत्पादनातल्या गाडीचं. सुरुवातीला फियाटचं इंजिन लावलेल्या स्तान्ग्वेल्लिनी गाड्या सगळ्यांना धूळ चारत होत्या. १९६०मध्ये लोटस फोर्डचं १०५ई इंजिन घेऊन आली आणि खेळ संपला. फोर्डचा बोअर साधारण ८१ मिमी आणि स्ट्रोक जेमतेम ४८. पिस्टनला फेरा छोटा, म्हणून आरपीएम हवे तेवढे चढवा. फियाटच्या लांब स्ट्रोकला ते झेपणारं नव्हतं. पण जे रेसमध्ये बुडालं तेच सायनच्या ट्रॅफिकमध्ये कामाला येतं. तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या स्पीडला सोडून द्या, धक्का न देता खेचत राहते. क्लचवरचा पाय निम्म्याने वाचतो.

चालवायला कशी? स्टिअरिंग पातळ, मोठं, आणि गाडी चालती असली की हलकं. उभ्या गाडीत मात्र हात भरून येतात. पुढची चाकं काय करतायत ते हाताला कळतं, हे आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाल्यांना सांगून पटणार नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर आवाज न करता बसवणारी यंत्रणा) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकलात तर अख्ख्या गल्लीला कळेल. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. खंडाळ्याचा घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरायचं, ब्रेक राखून वापरायचे. ते तापले की पेडल लाकडासारखं होतं आणि गाडी थांबायला वेळ घेते. हमरस्त्यावर सत्तरपर्यंत मजा, त्यापुढे सगळंच आवाज करतं. लिटरला बारा-तेरा मिळतात.

दिसण्याबद्दल माझं मत बहुतेकांना आवडणार नाही. सगळ्यात चांगली फियाट पद्मिनी नव्हे, डुक्कर फियाट, म्हणजे तीच ११००-१०३. १९५३च्या त्या गोल बॉडीत एकही रेघ उगाच नाही. नंतर अमेरिकन फॅशनच्या नादाने मागे छोटे पंख आले, ते तरी इटालियन मापात होते, चालून गेले. पण पद्मिनीला पुढे लावलेली काळी प्लॅस्टिकची जाळी! माझ्या गाडीची ती मी काढून आधीची क्रोमची बसवली.

इटलीत १९६६ला फियाट १२४ आली आणि ११००चा जमाना उतरणीला लागला. कुर्ल्यात ही गाडी २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर कंपनी काढली तेव्हा हे नक्कीच मनात नसणार. पण किती गाड्या बनवायच्या, परदेशातून काय आणायचं, सगळ्याला परवाना. आणि बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं रांगेत. ज्याचा माल बनण्याआधीच विकला जातोय तो नवं डिझाइन कशाला करेल? १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. त्यानंतर प्रीमियरने १२४ची बॉडी आणि निस्सानचं इंजिन घेऊन ११८एनई काढली, तोवर गाडी निघून गेली होती.

आता खर्चाचं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुनं रबर टिकत नाही. एसी पंपाचा (इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, आणि पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे बघून बदला. एका दुकानदाराने मला ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेला डायफ्रॅम महिन्याभरात फुगला, तेव्हा खोक्यावर जाऊ नका, माल हातात घेऊन बघा. मे महिन्यात उभ्या ट्रॅफिकमध्ये पंपातलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाका आणि चहा प्या. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला नियमित ग्रीसिंग हवंच. पन्नास वर्षं झाली नसल्याने १९८४ची गाडी व्हिंटेजमध्ये बसत नाही, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंग आणि ग्रीन टॅक्स ठरलेला.

घेणार असाल तर रंगावर भुलू नका. पुढचं मॅट उचला, पायाखालची पत्र्याची फरशी नखाने टोकरून बघा. सडली असेल तर सोडून द्या, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं पेलते. दुसरं म्हणजे, बाजारात बऱ्याच पद्मिनींना दुसऱ्याच गाडीचं इंजिन ठोकलेलं असतं. कितीही स्वस्त मिळाली तरी मी ती घेणार नाही. १०८९चा मूळ ब्लॉक असेल आणि धूर निळा नसेल, तर जाळी-बंपर गेलेला असला तरी भाव करा.