जेन आणि तिचा झरा

अमेरिकन लेखक झेन ग्रे यांची 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' (1912) ही कादंबरी आमच्या घरात तिघींनी वाचायला घेतली. आईने पन्नास पानांतच खाली ठेवली. दऱ्याखोऱ्यांची वर्णनं संपता संपत नाहीत, म्हणाली. मॉर्मन या अमेरिकेतल्या धर्मपंथाची मंडळी जवळजवळ सरसकट दुष्ट रंगवलेली बहिणीला खटकली, आणि तिचं बरोबरच आहे.

मला मात्र नायिका जेन मनापासून आवडली. काळ 1871, स्थळ अमेरिकेतलं युटा. गावाला पाणी पुरवणारा झरा तिच्या मालकीचा, म्हणून तर तिच्या लग्नाची इतरांना एवढी घाई! शेवटी पाठलाग करणारे चढ चढत येतात, तिच्या सोबतीचा बंदूकबाज लॅसिटर एक प्रचंड दगड ढकलतो आणि दरीची वाट कायमची बंद होते. तिथे पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.