पाइपचा गॅस: तीन वर्षं वापरल्यानंतर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस येऊन तीन वर्षं झाली. आधी 14.2 किलोचं सिलिंडर जिन्यावरून ओढत आणायचं, आणि ते संपायचं नेमकं पुरण शिजताना. ती धास्ती गेली, हीच माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट.

जोडणीच्या दिवशी माणसाने शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या छिद्राचे छोटे तुकडे, बदलले. या गॅसचा दाब कमी, म्हणून छिद्र मोठं लागतं. भाकरी पहिल्यासारखीच फुगते, सासूबाईंना तीच शंका होती. शिवाय हा गॅस हवेपेक्षा हलका. गळला तर वर जातो, सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीलगत साठत नाही. तरी खिडकी उघडी ठेवाच.

तक्रार बिलाची. दोनदा मीटर न बघताच अंदाजे आकडा लावला. फोटो पाठवल्यावर दुरुस्ती झाली, पण त्यासाठी चार फोन करावे लागले.

दर का हलतो, हे मी मुद्दाम समजून घेतलं. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस द्रवरूपात जहाजांनी येतो, बराचसा कतारहून गुजरातमधल्या दहेज बंदरात. जुन्या देशी विहिरींच्या गॅसचा भाव एप्रिल 2023 पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के धरतात, त्यालाही कमाल मर्यादा आहे. हा स्वस्त गॅस घरांना आणि सीएनजीला आधी मिळतो; पण मागणी वाढली की तो पुरत नाही, मग महागडा मिसळावा लागतो. एवढं बिलावर दोन ओळींत छापलं तर किती बरं होईल!