‘ओयेझ’: सर्वोच्च न्यायालय, फुकटात, कानांनी

मी कोर्टात ३१ वर्षं लघुलेखक होते. बोलणारा कुठे अडला, कुठे त्याने आवंढा गिळला, हे सगळं ऐकायचं पण लिहायचं नाही, ही आमच्या कामाची शिस्त. म्हणून लेकीकडे व्हर्जिनियात आल्यावर जावयांनी ‘ओयेझ’ हे संकेतस्थळ लावून दिलं, तेव्हा मी आधी कान टवकारले आणि मग चष्मा शोधला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर १९५५पासून युक्तिवाद ध्वनिमुद्रित होतात. ते या संकेतस्थळावर मोफत ऐकता येतात. नाव तिथल्या पुकाऱ्यावरून घेतलंय. कामकाज सुरू होताना मार्शल, म्हणजे न्यायालयाचा एक अधिकारी, तीनदा ‘ओयेझ’ म्हणतो, आपल्या दवंडीतलं ‘ऐका हो ऐका’च.

मला सगळ्यांत आवडलं ते शब्दांकन. आवाज पुढे जातो तसा मजकूर सरकतो आणि बोलणाऱ्याचा फोटो समोर येतो. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, पण २००४पर्यंत न्यायालयाच्या अधिकृत प्रतीत न्यायमूर्तींचं नावच नसायचं, नुसतं ‘प्रश्न’ असं छापायचे. नऊ जण विचारताहेत आणि कोण ते कागदाला माहीत नाही! इथे आवाज ओळखून नावं लावलीत. हे काम किती किचकट असतं ते मला विचारा.

पहिल्यांदा मी ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ ऐकलं, सुनावणी १० एप्रिल १९६७ची. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. दोघांनी १९५८मध्ये वॉशिंग्टनला लग्न केलं, म्हणून व्हर्जिनियाने १ वर्षाची कैद सुनावली. २५ वर्षं राज्यात एकत्र यायचं नाही, या अटीवर ती तहकूब ठेवली. मी ज्या राज्यात बसून चहा घेत होते, तेच हे राज्य. वकील बर्नार्ड कोहेन कलमांवर बोलत असतात आणि मध्येच रिचर्डचा निरोप सांगतात: ‘मिस्टर कोहेन, कोर्टाला सांगा, माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे, आणि व्हर्जिनियात मला तिच्याबरोबर राहता येत नाही हा निव्वळ अन्याय आहे.’ मी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. त्या १२ जूनला निकाल एकमताने लागला आणि गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे १६ राज्यांतले कायदे गेले. निकालपत्र मी वाचलं. त्यात हे वाक्य नाही.

उलट अनुभव ‘रो विरुद्ध वेड’ या गर्भपाताच्या हक्काच्या खटल्याचा. १३ डिसेंबर १९७१ला टेक्सासचे वकील जे फ्लॉइड उभे राहतात. समोर दोन स्त्री-वकील. ‘दोन सुंदर बायकांपुढे शेवटचा शब्द त्यांचाच’ अशा अर्थाचा विनोद करतात. कोणी हसत नाही. ती शांतता छापील प्रतीत कुठून दिसणार? पुढच्या ऑक्टोबरमध्ये फेरसुनावणीला टेक्सासने दुसरा वकील पाठवला. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा निकाल १९७३चा, आणि याच न्यायालयाच्या २०२२च्या ‘डॉब्स’ निकालाने तो मोडीत काढला. तेव्हा जुना खटला ऐकलात तर पुढचं काय झालं तेही बघा. एका खटल्यावर थांबून अमेरिकेचा आजचा कायदा कळत नाही.

प्रत्येक खटल्याला घटना, प्रश्न, निष्कर्ष असा गोषवारा आहे. तो मी मुद्दाम नंतर वाचते. निकाल आधी कळला की वकील उगाच हुशार किंवा उगाच बावळट वाटायला लागतात. जुन्या टेपा नीट ऐकायच्या तर हेडफोन हवाच. इंग्रजीही जरा घाईचं आहे, पण मजकूर समोर असल्याने निभतं.

पाचपैकी पाच देईन. एकच रुखरुख: शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राउन’चा निकाल १९५४चा, म्हणजे ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या आधीचा. कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूचे वकील थर्गुड मार्शल तिथे कसे बोलले ते आता कोणालाच ऐकता येणार नाही. मग निदान १९५८चं ‘कूपर विरुद्ध एरन’ लावा. लिटल रॉक शहरातल्या शाळेतला वर्णभेद मोडण्याचा खटला, आणि उभे तेच मार्शल.