ग्यंगी प्रांतिक संग्रहालय, योंगिन: दरबाऱ्यांचे चेहरे पाहायचे तर इथे

सोलला जाणारे बहुतेक जण योंगसानचं राष्ट्रीय संग्रहालय पाहून परततात. पण कोरियाच्या जोसॉन राजघराण्याच्या काळात राजाने गौरवलेल्या अधिकाऱ्यांची, म्हणजे ‘गोंगशिन’ची चित्रं निवांत पाहायची असतील, तर थोडं दक्षिणेला योंगिनला जावं. सुइन-बुंदांग मार्गावर सांगाल स्टेशनला उतरलं की चालत पोचता येतं. कायमच्या दालनांना तिकीट नाही. सोमवारी बंद.

बंड मोडून काढणाऱ्या किंवा राजाला गादीवर बसवणाऱ्या अधिकाऱ्याला किताब, जमीन, गुलाम मिळत आणि दरबारी चित्रशाळेतल्या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं जाई. पुढे घराण्यात पूर्वजपूजेला तेच चित्र लागे, म्हणून वंशजांनी ते जिवापाड जपलं. इथली कित्येक चित्रं अशा घराण्यांकडूनच आलेली आहेत.

पहिल्यांदा ओ म्यंग-हांग (1673–1728) शोधा. 1728 चं ई इन-ज्वाचं बंड मोडल्याबद्दल त्याला गोंगशिन केलं आणि त्याच वर्षी तो वारला. चेहरा काळपट, गालांवर देवीचे वण. तो काळपटपणा यकृताच्या आजाराचा असावा, असं वैद्यकीय अभ्यासक म्हणतात. ज्याचा गौरव करायचा त्याचं आजारपणही चित्रकाराने लपवलेलं नाही! एक केस जरी चुकला तरी तो माणूस दुसराच झाला, असा तिथला दंडक होता.

मग ई जुंग-नो (1577–1624). 1623 मध्ये राजा इन्जोला गादीवर बसवणाऱ्यांपैकी हा एक, पुढच्याच वर्षी ई ग्वालच्या बंडात मारला गेला. या पिढीच्या चित्रांचा साचा ठरलेला: खुर्चीवर बसलेली पूर्ण आकृती, चेहरा किंचित वळलेला, हात बाह्यांत लपलेले, पाय चौरंगावर, खाली रंगीत गालिचा. कोरियन मालिकांमुळे ओळखीची झालेली पंखांची काळी टोपी असतेच. छातीवरचा चौकोनी भरतकामाचा तुकडा मात्र नीट बघा: तो 1454 पासून आला, मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना श्वापद. कमरपट्ट्यावरूनही दर्जा कळतो. गेंड्याच्या शिंगाचा पट्टा सर्वांत वरच्यांचा.

संग्रहालय कमी पडतं ते तंत्र समजावण्यात. आधी तेल लावलेल्या कागदावर कच्चं रेखाटन होई. चौकटीवर ताणलेल्या रेशमाला सरस-तुरटीचा हात देऊन त्यावर शाईने रेघ उतरवत. मग रेशमाच्या मागून रंग भरत आणि पुढून बारीक रेघांनी कातडीचा पोत काढत. मागचा रंग विणीतून झिरपतो, त्यामुळे चेहरा मऊ दिसतो आणि पुढून रंगाचा जाड थर द्यावा लागत नाही, म्हणून पापुद्रे कमी निघतात. पण जुना पाठीमागचा कागद सोलून नवा चिकटवताना हाच मागचा रंग निघून येतो आणि चेहरा फिका पडतो. ही गोष्ट कळली की चित्र बघण्याची नजरच बदलते, पण काचेपलीकडून चित्राची पाठ दिसणार कशी?

तक्रारी दोन. रेशीम प्रकाशाने खराब होतं, म्हणून चित्रं आलटून-पालटून लावतात. हवं ते चित्र भिंतीवर असेलच असं नाही, असलं तरी ती प्रतिकृती असू शकते. पाटीवर ‘बोकजेपुम’ लिहिलं असेल तर ती प्रतच. कोरियन वाचता येत नसेल तर विचारून घ्यावं. दुसरी, उजेड मंद आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब. काळे कपडे घाला, थोडं तिरकं उभं राहा आणि जवळून फोकस होणारी छोटी दुर्बीण खिशात ठेवा. दाढीचा केस न् केस तिच्याशिवाय दिसत नाही. फ्लॅश वापरू नका.

वेळ उरला तर जो यंग-बोकची दोन चित्रं विचारा. हा गोंगशिन नव्हे, पण एकाच माणसाला दरबारी चित्रकार जिन जे-हेने 1725 मध्ये अधिकाऱ्याच्या वेशात रंगवलं आणि 1732 मध्ये त्याच्या धाकट्या भावाने, जो यंग-सोकने, साध्या कपड्यांत. भावाने काढलेल्या चित्रात हातही बाह्यांबाहेर आलेत.