बिअर ब्रेडचे तयार मिश्रण : एक परीक्षण

बिअर ब्रेडचे तयार मिश्रण मी तीनदा आणून प्रत्येक वेळी निराळ्या बिअरमध्ये कालवले आणि चौथ्यांदा तोच ब्रेड घरातल्या मैद्याचा केला. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की मिश्रण वाईट नाही, पण त्याची गरज नाही.

पाकिटावरच्या घटकांमध्ये मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि मीठ याखेरीज काहीही नाही. बिअरमधल्या यीस्टमुळे हा ब्रेड फुगतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बाजारातल्या बहुतेक बिअरमधले यीस्ट गाळून काढलेले किंवा पाश्चरायझेशनने निष्प्रभ झालेले असते, आणि फुगवण्याचे काम मुख्यतः बेकिंग पावडर करते. बिअरमधल्या वायूचा त्याला हातभार लागतो, म्हणून बाटली आयत्या वेळी उघडावी. बिअर खरे काम करते ते चवीचे, कारण आंबवण्याची आणि माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) जी चव साध्या ब्रेडला काही तासांच्या प्रतीक्षेनंतर लाभते, ती इथे बाटलीतून आयतीच येते.

माझी खरी तक्रार पाकिटावरच्या कृतीबद्दल आहे. ‘मिश्रण गुळगुळीत होईपर्यंत फेटा’ ही सूचना मी पहिल्या खेपेस तंतोतंत पाळली आणि ब्रेड चिवट झाला, त्यात लांबट पोकळ्याही पडल्या. फेटल्याने मैद्यातले ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाते आणि हा ब्रेड मऊ, भुसभुशीत होण्यासाठी नेमके तेच टाळायचे असते. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवावा. राहिलेल्या लहान गुठळ्या भाजताना आपोआप विरतात. पुढच्या दोन्ही खेपांना मी एवढेच पाळले आणि पोत पूर्ण बदलला.

बिअरच्या निवडीने पडणारा फरक त्याहून मोठा आहे. लागर या फिकट, हलक्या बिअरचा ब्रेड सौम्य आणि सर्वांना आवडेल असा झाला. स्टाउट या काळसर बिअरमुळे तो गडद झाला, त्याला भाजलेल्या धान्याचा सुरेख वास आला आणि मला तोच सर्वांत आवडला. हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) प्रमाण जास्त असलेल्या आयपीए या बिअरचा ब्रेड मात्र कडवट निघाला, कारण भाजताना पाणी उडून जाते, कडूपणा मागे राहतो. तिथे थोडी साखर वाढवायला हवी होती आणि स्टाउटच्या ब्रेडमध्ये ती कमी चालली असती. पण तयार मिश्रणातली साखर आधीच ठरलेली असते, ही त्याची मोठी मर्यादा आहे.

घरी मी ३७५ ग्रॅम मैदा, १ मोठा चमचा बेकिंग पावडर, १ छोटा चमचा मीठ आणि २ मोठे चमचे साखर एकत्र चाळून घेतली, त्यात ३३० मिलिलिटर बिअर ओतून हलकेच कालवले आणि लोफ टिनमधल्या (ब्रेडच्या लांबट साच्यातल्या) मिश्रणावर ५० ग्रॅम वितळलेले लोणी सोडले. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसला सुमारे ५० मिनिटांत वरचा थर तांबूस, कुरकुरीत झाला. मैदा कपाने दाबून न भरता वजन करून घ्यावा, कारण जास्तीच्या मूठभर मैद्यानेही ब्रेड घट्ट होतो. हे सारे मोजायला पाकीट फोडण्यापेक्षा पाचएक मिनिटेच जास्त लागली.

भाजल्यावरही अल्कोहोलचा काही अंश उरतो, म्हणून मुलांसाठी किंवा मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी करताना ‘०.०’ लिहिलेली अल्कोहोलरहित बिअर घ्यावी. फुगणे अल्कोहोलवर अवलंबून नसल्याने त्यात फरक पडत नाही. ब्रेड टिनमधून दहा मिनिटांनी काढून जाळीवर निववावा आणि त्यानंतरच कापावा. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडू लागतो, तेव्हा काप लोण्यावर भाजून गरम सूपबरोबर वाढावेत.