आठ महिने लेटेक वापरल्यावर: 'टी' म्हणजे टॉप नाही, हे आधी कोणी सांगितलं असतं तर

आठ महिने झाले लेटेकवर येऊन, म्हणजे कमांड लिहून पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर. फुकट आहे, समीकरणं सुंदर येतात, शिकायला जड जातं हे सगळं तुम्हाला माहितीये, ते परत लिहीत बसत नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय आणि ती म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन मिनिपेज, म्हणजे पानातले छोटे डबे. हसू नका. माझे निदान तीन अख्खे रविवार या दोन डब्यांनी खाल्लेत.

झालं असं की एका यंत्राची माहितीपुस्तिका लावायला घेतली होती, ६४ पानं, मराठीत, जवळपास प्रत्येक पानावर डावीकडे फोटो आणि उजवीकडे त्याचा मजकूर. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम म्हणजे दोन डबे ओढायचे, वरच्या कडा जुळवायच्या, विषय संपला. पण त्याचं दरमहा भाडं. वापर महिन्यातून चार दिवस आणि भाडं तीस दिवसांचं, हे काही मनाला पटेना, म्हणून इकडे आलो. पहिलं पान कंपाइल केलं (लिहिलेल्या कमांडांचं पान बनवून घेतलं) तर मजकूर फोटोच्या कमरेशी सुरू होतोय. ठीक आहे, काही सांगितलं नाही तर मिनिपेज मध्याला मध्य लावतं, एवढं वाचलेलं होतं. चौकोनी कंसात 'टी' दिला, टी म्हणजे टॉप, आता येईल वर. परत कंपाइल केलं तर मजकूर आणखी खाली, थेट फोटोच्या पायाशी! फोटो एकटाच वर गच्चीत उभा आणि मजकूर खाली अंगणात. मी टॉप मागितला आणि मला तळ मिळाला, आता यावर तक्रार कोणाकडे करणार? फुकटच्या वस्तूला कस्टमर केअर नसतं. भाड्याच्या सॉफ्टवेअरला होतं, तिथे निदान कोणावर तरी आवाज चढवता यायचा.

पहिल्या महिन्यात मी हा बग आहे असंच ठोकून दिलं होतं, दोनचार ओळखीच्यांना तसं सांगूनही झालं. ते आता मागे घेतो. बग नाही. सॉफ्टवेअर सांगितलेलं अगदी शब्दशः करतंय, फक्त त्याचा शब्द आणि आपला शब्द वेगळा आहे. 'टी' म्हणजे डब्याची वरची कड नव्हे, डब्यातल्या पहिल्या ओळीची बेसलाईन, अक्षरं जिच्यावर बसतात ती अदृश्य रेघ. 'बी' म्हणजे शेवटच्या ओळीची बेसलाईन. आणि फोटो हे त्याच्या लेखी एक भलंमोठं अक्षर आहे, ज्याचा तळ बेसलाईनवर टेकलेला असतो. म्हणजे डाव्या डब्याची 'पहिली ओळ' हा अख्खा फोटो, तिची बेसलाईन फोटोच्या तळाला, आणि उजवीकडची पहिली ओळ इमानदारीने तिथे जाऊन बसते. एकदा हे डोक्यात शिरलं की राग यायचा थांबतो, म्हणजे सॉफ्टवेअरवरचा थांबतो, ज्याने 'टी' हे अक्षर निवडलं त्याच्यावरचा नाही.

हे कळायला मला एफबॉक्सने, म्हणजे भोवती चौकट काढणाऱ्या कमांडने, मदत केली. दोन्ही मिनिपेज एफबॉक्समध्ये घालायचे, एफबॉक्ससेप शून्य करायचा (नाहीतर चारी बाजूंनी ३ पॉइंटची गादी येते आणि रुंदीचा हिशोब बिघडतो), आणि मग कागदावर दिसतं की डबे खरंच कुठे सुरू होतात. हा उपाय पहिल्याच दिवशी केला असता तर दोन रविवार वाचले असते.

मग सापडला तो प्रसिद्ध जुगाड. दोन्ही मिनिपेजच्या अगदी सुरुवातीला व्हीस्पेस (उभी मोकळी जागा सोडणारी कमांड), शून्य पॉइंटचा. शून्य! काहीच जागा न सोडणारी जागा. आणि फोटो-मजकूर टकाटक एका रेषेत. कारण असं की टेकच्या (लेटेक ज्याच्यावर उभं आहे त्या मूळ सॉफ्टवेअरच्या) हिशोबात डब्यातली पहिली चीज ओळ किंवा फोटो असेल तर तिची उंची बेसलाईनच्या वर राहते आणि बाकीचं खाली लोंबतं, पण पहिली चीज नुसती मोकळी जागा असेल तर वर काहीच उरत नाही, सगळंच खाली लोंबतं, म्हणून दोन्ही डब्यांचे माथे बेसलाईनवर येऊन मिळतात. मी इतका खूश झालो की पुस्तिकेतल्या यच्चयावत मिनिपेजना तो शून्य पाजला. इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते.

पण पान १७. तिथे फोटो नाही, दोन्हीकडे मजकूरच, डावीकडे मथळा 'वापर' आणि उजवीकडे 'दुरुस्ती'. प्रिंट हातात घेतली तर काहीतरी खुपतंय आणि काय ते कळेना. शेवटी पट्टी लावली. 'दुरुस्ती'ची शिरोरेखा 'वापर'च्या शिरोरेखेपेक्षा खाली! मथळ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत हा फरक दोनतीन पॉइंटचा, म्हणजे जेमतेम मिलिमीटर, पण एकदा दिसला की दिसतच राहतो. कारण बघा, तो शून्य आता शिरोरेखा जुळवत नाहीये, ओळीतला सगळ्यात उंच भाग जुळवतोय. 'दुरुस्ती'ला वर वेलांटी आहे, 'वापर'ला शिरोरेखेच्या वर काहीच नाही. झीलेटेक (लेटेकचा मी वापरतो तो प्रकार) ओळीची उंची प्रत्यक्ष अक्षरांवरून मोजतं, म्हणून वेलांटीचं टोक माथ्याला टेकलं आणि शिरोरेखा तेवढी खाली ढकलली गेली. म्हणजे रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यातलं जे कोणी पहिल्या ओळीत येईल त्याच्या मर्जीवर मथळे वरखाली. रोमन लिपीवाल्यांना हे बहुधा एवढं टोचत नसेल, त्यांची अक्षरं बेसलाईनवर उभी असतात, आपली शिरोरेखेला टांगलेली. आपला डोळा वरची रेघ बघतो आणि हे सॉफ्टवेअर खालची.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? शून्य काढून टाकला, नुसता 'टी' ठेवला आणि पान १७ बरोबर झालं. फॉन्ट तोच, आकार तोच, मग बेसलाईन जुळली की शिरोरेखा आपोआप जुळते. म्हणजे ज्या 'टी'ला मी महिनाभर शिव्या दिल्या तोच मजकुराला मजकूर लावायला योग्य होता. चुकत होता तो फोटो. मग सगळे शून्य शोधून शोधून काढले, ६४ पानांतून, एकेक.

फोटोवर इलाज वेगळा, डब्याला हात न लावता फोटोलाच खाली ओढायचा. रेझबॉक्सला (वरखाली सरकवणाऱ्या कमांडला) वजा उंची दिली की फोटो पूर्ण बेसलाईनच्या खाली जातो, पण मग त्याची कड ओळीच्या माथ्याशी न येता बेसलाईनशी येते, म्हणून एका ओळीची उंची परत मिळवायची. अ‍ॅडजस्टबॉक्स या पॅकेजमधला व्हीअलाइन टी हे हिशोबासकट करून देतो, तिथे स्ट्रटची, म्हणजे ओळीला ठरावीक उंची देणाऱ्या अदृश्य खांबाची, उंची धरलेली असते. पण स्ट्रट म्हणजे ओळींच्या अंतराच्या ७० टक्के, त्याचा शिरोरेखेशी काही संबंध नाही. मी शेवटी सेटटूहाइट या कमांडने नुसत्या 'क'ची उंची मोजून घेतली आणि फोटो तेवढाच वर ठेवला. फोटोची वरची कड आणि मजकुराची शिरोरेखा एका रेषेत, वेलांट्या तेवढ्या वर डोकावतात. एक छोटी कमांड करून ठेवलीये, आता पुस्तिका कुठलीही असो, तीच. हे भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी दरवेळी नजरेने करायचो आणि दरवेळी वेगळं यायचं, ते आता लक्षात येतंय.

बाकी किरकोळ. दोन मिनिपेज अर्ध्या अर्ध्या रुंदीचे केले आणि दुसरा खाली पडला तर पहिल्याच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह टाका, ओळ मोडल्याची एक स्पेस मधे घुसते आणि अर्धं अधिक अर्धं एकाहून जास्त होतं. मधे रिकामी ओळ तर अजिबात नको, तिथे नवा परिच्छेदच सुरू होतो. मिनिपेज दोन पानांत तुटत नाही, दोन भाषांतला लांब मजकूर शेजारी शेजारी लावायचा असेल तर सरळ पॅराकॉल हे पॅकेज घ्या, मिनिपेजशी कुस्ती नको. बीमरमध्ये (लेटेकमधल्या स्लाइड बनवायच्या सोयीत) कॉलम्सना छोटा टी आणि मोठा टी असे दोन वेगळे पर्याय आहेत, फोटो असेल तर मोठा. म्हणजे कोणालातरी हा त्रास माहीत होता!

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून, दिसायला इतकी वाईट म्हणून वैतागून टेक लिहायला घेतलं. वैतागातून जन्मलेली वस्तू आहे, वैताग देणारच. पण पान १७ हातात धरून पट्टी लावताना मला ते वैतागणं बऱ्यापैकी समजलं.

चार स्टार. एक कापला तो 'टी'साठी.

ता. क. पान ६१ वर फोटो अजून दोन मिलिमीटर खाली दिसत होता, तासभर आकडे बदलत बसलो. एफबॉक्स लावला तर डबा बरोबर शिरोरेखेला. फोटोच्या फाइललाच वरून पांढरी पट्टी होती. ट्रिम आणि क्लिप देऊन कापली. आणि हो, जुन्या भाड्यावाल्यांची सवलतीची मेल आलीये, परत या म्हणून. अजून डिलीट केलेली नाही.