आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीचं नियोजन करून देणारी सेवा: कायद्यात पक्की, भाषेत कच्ची

भाचीला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवी घ्यायची आहे. तिने एका ऑनलाइन नियोजन सेवेत नाव नोंदवलं आणि मला सांगितलं, "मावशी, ते जे पाठवतील ते तू एकदा नीट वाच." मी स्वतः याच विषयात शिकले, पुढे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं अहवाल लिहिले. त्यामुळे पदवीत शिकलेलं काय हाताशी येतं आणि काय कपाटात पडून राहतं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. सेवेचं नाव देत नाही. मला बोलायचं आहे ते पद्धतीबद्दल, आणि अशाच पद्धतीने काम करणाऱ्या सेवा बऱ्याच आहेत.

शुल्क भरल्यावर मिळतं ते असं: एक लांबलचक प्रश्नावली, समुपदेशकाशी व्हिडिओवर सविस्तर बोलणं, सगळ्या सत्रांचा विषयवार तक्ता, वाचनाची यादी आणि नंतर वर्षभर शंका विचारण्याची सोय.

प्रश्नावली मला मनापासून आवडली. "तुम्हाला पुढे काय व्हायचं आहे?" हा प्रश्न तिथे अगदी शेवटी येतो. आधी विचारतात की कोणत्या बातम्या तुम्ही शेवटपर्यंत वाचता, कोणत्या प्रदेशाबद्दल कुतूहल आहे, आकडेमोडीची भीती वाटते का, दुसऱ्या भाषेतलं सलग पान वाचता येतं का. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला राजदूत व्हायचं की संशोधक हे कुठून ठाऊक असणार? पण कोणत्या प्रश्नाने तिची झोप उडते हे तिला नक्की सांगता येतं. भाचीने लिहिलं, नाईल नदीच्या पाण्याचा वाद. इजिप्त आणि सुदान यांनी 1959 मध्ये पाणी आपसात वाटून घेतलं, त्या करारात इथिओपिया नव्हताच. आणि 2011 पासून इथिओपियाने नाईलवर मोठं धरण बांधायला घेतलं. मग आता कोणाचा हक्क मोठा? एवढा नेमका प्रश्न हातात आला की पदवीचा तक्ता त्याच्याभोवती उभा करता येतो. सेवेने तसं करायचं ठरवलं, याबद्दल त्यांचं कौतुक.

तक्ता आला तेव्हा मात्र मी थबकले. अरबी भाषा तिसऱ्या वर्षात टाकली होती, तीही ऐच्छिक म्हणून!

इथे जरा हिशेब मांडते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला अरबीत कामापुरतं प्रावीण्य यायला त्यांच्या अंदाजाने 88 आठवडे, म्हणजे वर्गातले साधारण 2200 तास लागतात. चिनी, जपानी आणि कोरियन याच गटात. स्पॅनिश किंवा फ्रेंचला 30 आठवड्यांच्या आसपास पुरतात. आता विद्यापीठात भाषेचा वर्ग आठवड्याला पाच तास धरा आणि वर्षाचे तीस आठवडे. वर्षाला दीडशे तास झाले. चारही वर्षं न चुकता केलं तरी सहाशे. म्हणजे पहिल्या सत्रापासून सुरू करूनसुद्धा सुट्ट्यांमधले सघन वर्ग आणि त्या भाषेच्या देशातला मुक्काम जोडावाच लागतो. तिसऱ्या वर्षी सुरू केलेली अरबी पदवीच्या गुणपत्रिकेवर दिसेल, पण कैरोच्या वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचता येणार नाही. त्यातून वर्गात शिकवतात ती प्रमाण अरबी आणि रस्त्यावर ऐकू येते ती इजिप्शियन बोली, त्यासाठी वेगळा वेळ हवाच. नाईलचा प्रश्न घेतला आणि अरबी मागे ढकलली, हे मला अजिबात पटलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की या पदवीत काही विषय पायऱ्यांचे असतात आणि काही सुटे. भाषा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र हे पायऱ्यांचे. सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र झाल्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापाराचा वर्ग पेलत नाही. संख्याशास्त्राची ओळख नसेल तर संशोधन पद्धतीच्या वर्गात नुसतं बसून राहावं लागतं. सुटे विषय, म्हणजे एखाद्या प्रदेशाचं राजकारण, मुत्सद्देगिरीचा इतिहास, सुरक्षा अभ्यास, हे कोणत्याही सत्रात घ्या, फारसं बिघडत नाही. म्हणून आधी पायऱ्या मांडायच्या आणि उरलेल्या जागेत सुटे विषय बसवायचे. सेवेच्या पहिल्या तक्त्यात नेमकं उलटं होतं. पहिलं वर्ष देश असे का वागतात हे सांगणाऱ्या सिद्धांतांनी भरलेलं: वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, प्रत्येकाचा वेगळा वर्ग. संख्याशास्त्र कुठेतरी तिसऱ्या वर्षाच्या टोकाला. सिद्धांत नको असं मी म्हणणार नाही. युद्धाची कारणं माणसात शोधायची, देशाच्या घडणीत की देशांच्या आपसातल्या रचनेत, हे अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झचे तीन स्तर मला आजही कोणताही अहवाल वाचताना उपयोगी पडतात. पण सुरुवातीला सर्वसमावेशक असा एकच वर्ग पुरे.

संख्याशास्त्राचा आग्रह का, तेही सांगते. स्वीडनच्या उपसाला विद्यापीठाच्या संघर्षविषयक माहितीसाठ्यात वर्षाला किमान 25 माणसं लढाईत मेली तर सशस्त्र संघर्ष मोजतात, 1000 झाली तर युद्ध. ही व्याख्या माहीत नसलेला विद्यार्थी दोन आलेख शेजारी ठेवून भलताच निष्कर्ष काढतो. नद्यांबद्दलही तसंच. पाण्यावरून युद्धं होणार, असे मथळे सतत वाचायला मिळतात. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने देशादेशांमधल्या सामायिक नद्यांवरच्या घडामोडींची जी नोंद केली, तिच्यात सहकार्याच्या घटना संघर्षापेक्षा जास्त निघाल्या. हे स्वतः तपासता येणं आणि कोणाच्या तरी भाषणावरून मानणं, यात फार अंतर आहे.

आता कायद्याकडे वळते. हा भाग समुपदेशकाने अप्रतिम केला. दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय कायदा ठेवला आणि त्याच्या तयारीसाठी एक खटला सुचवला: डॅन्यूब नदीवरच्या धरणांचा, हंगेरी विरुद्ध स्लोव्हाकिया, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 1997 चा निकाल. सुचवण्याची रीतही सुंदर. आधी 1977 चा मूळ करार वाच, मग हंगेरीच्या बाजूने एक पान लिही, मग स्लोव्हाकियाच्या बाजूने, आणि त्यानंतरच निकाल उघड. भाचीने तसं केलं. हंगेरीने काम अर्धवट सोडणं चूक होतं आणि पलीकडच्या बाजूने डॅन्यूबचं पाणी एकतर्फी वळवणं हेही चूक होतं, करार मात्र अजून जिवंत आहे, असं न्यायालयाने म्हटलेलं वाचून ती मला म्हणाली, "मावशी, दोघंही चुकले तरी करार टिकतो?" त्या एका प्रश्नातून ती देशांमधले करार कसे होतात आणि कधी संपतात याचे नियम घालून देणाऱ्या 1969 च्या व्हिएन्ना करारापर्यंत आपली आपण पोचली. नाईलच्या अभ्यासासाठी याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती. 1997 मध्येच संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार स्वीकारला, तो लागू व्हायला 2014 उजाडलं. का उजाडलं, यावर निबंध लिहायला सांगितलं आहे. फारच छान.

अभिरूप संयुक्त राष्ट्र संमेलनांवर, म्हणजे विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी बनून चर्चा करतात त्या संमेलनांवर, मात्र सेवेचा भर जास्तच आहे. दरवर्षी एक तरी कराच, असा सल्ला. एखादं करावं, उभं राहून बोलायची भीड चेपते, ठरावाचा मसुदा कसा लिहितात ते कळतं. त्यापुढे तोच वेळ सुरक्षा परिषदेच्या खऱ्या बैठकींची इतिवृत्तं वाचण्यात घालवावा. ती सहाही अधिकृत भाषांत निघतात आणि कोणालाही फुकट वाचता येतात. जुलै 2021 मध्ये इथिओपियाच्या धरणावर परिषदेत चर्चा झाली, तिचं इतिवृत्त इंग्रजीत एका बाजूला आणि अरबीत दुसऱ्या बाजूला ठेवलं की विषय आणि भाषा दोन्ही एकदम पक्के होतात. सेवेच्या वाचनयादीत हे असायला हवं होतं.

आणखी एक उणीव. विषय कोणताही असो, त्यांचा तक्ता सगळ्यांसाठी चार वर्षांचाच असतो. इंग्लंडमध्ये हीच पदवी साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. फ्रान्सच्या सिआन्स पो या विद्यापीठात तिसरं वर्ष परदेशात जातं. अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या परराष्ट्र सेवा विद्यालयात भाषेचं प्रावीण्य सिद्ध करावं लागतं, शिवाय जगाच्या नकाशाचा एक छोटा वर्गही असतो. तीन वर्षांच्या पदवीत रेंगाळत बसायला वेळच नाही, भाषा प्रवेशाआधी सुरू झालेली बरी. हे सगळं सेवेने आधीच विचारून घ्यायला हवं.

नोकरीबद्दलचं त्यांचं टिपण घाईत लिहिलेलं वाटलं. पदव्युत्तर पदवीशिवाय संयुक्त राष्ट्रांत दार उघडतच नाही, असा त्याचा सूर आहे. बऱ्याच पदांना ती मागतात हे खरं. पण तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला पहिली पदवी चालते. वय 32 पर्यंत हवं, आपला देश त्या वर्षी सहभागी असावा लागतो आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर पकड हवी. एवढं लिहिलं असतं तरी मुलांचा धीर टिकला असता.

आमचे आक्षेप मी भाचीकडून लिहून पाठवले. समुपदेशकाने वाद न घालता तक्ता पुन्हा मांडला: अरबी पहिल्या सत्रापासून, संख्याशास्त्र दुसऱ्यात, समग्र अर्थशास्त्रानंतरच व्यापार, आणि सिद्धांतांचे दोन वर्ग पुढे. प्रत्येक बदलाखाली कारणही लिहिलं. विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून आपला आराखडा बदलणारा माणूस सल्लागार म्हणून मोलाचा असतो. ज्याच्याकडे स्वतःचा एखादा प्रश्न आहे आणि जो तक्ता आल्यावर उलट विचारायला कचरत नाही, त्याने ही सेवा जरूर घ्यावी. नुसती नामांकित विद्यापीठांची यादी हवी असेल, तर इथे ती मिळणार नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही. परदेशातलं सत्र तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात धरलं आहे, आणि प्रबंधाची पूर्वतयारी घेणारा वर्ग नेमका तेव्हाच असतो. ते सत्र पूर्वार्धात आणता येईल का, हे भाचीने विचारलं आहे. तिकडे केलेले विषय इकडे क्रेडिटला धरणार की नाही, हे ज्या विद्यापीठात ती जाईल तिथल्या विभागाकडून निघण्याआधी लेखी घे, असं मी तिला बजावलं आहे.